कॅरव्हॅनच्या तळावर रात्री दहानंतरचा आवाज

रंकाळाकाठ (धागा सुरू करणारे)

गेल्या डिसेंबरात मी, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई असे चौघे भाड्याची कॅरव्हॅन घेऊन गगनबावड्याच्या बाजूला तळ्याकाठच्या एका कॅम्पवर दोन रात्री राहिलो. कॅम्पचे नाव देत नाही, कारण मला जे मांडायचे आहे ते त्या एका कॅम्पपुरते नाही.

शेजारच्या गाडीत कोल्हापुरातलेच सात-आठ तरुण होते. मुले चांगली होती. संध्याकाळी त्यांनी आपणहून आम्हाला कांदाभज्यांची ताटली आणून दिली. दहा वाजले, साडेदहा झाले, तरी गाडीच्या पायरीवर ठेवलेला स्पीकर चालूच राहिला, तेव्हा सव्वाअकराच्या सुमारास मी जाऊन विनंती केली. "होय काका, करतो की कमी," असे म्हणून त्यांनी आवाज खरोखरच कमी केला आणि मग प्रत्येक गाण्यागणिक तो थोडा थोडा चढत अर्ध्या तासात होता तिथे आला. एक वाजता गाणी थांबली. त्यानंतर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी कुणीतरी कॅम्पच्या टोकाच्या स्वच्छतागृहाकडे जाई, परत येई आणि दोन्ही वेळा तो सरकता दरवाजा घरघरत जाऊन धाडकन आदळे. मध्येच कुणाला तरी गाडीतून काहीतरी काढायचे असे, म्हणजे रिमोटची टुकटुक आणि आमच्या पडद्यावर दिव्यांचा झोत. सकाळी आई म्हणाली, "गाण्याचं काही नाही रे, गाणं निदान कळतं तरी. त्या दाराचं काहीतरी कर म्हणावं."

माझे म्हणणे तिच्या या वाक्यातच आहे. आवाज म्हटले की आपण डॉल्बीपाशी जाऊन थांबतो, कारण गणपतीच्या मिरवणुकीपासून कोल्हापूरकर हा एकच वाद घालत आले आहेत. कॅरव्हॅनच्या तळावर शेजारी दहा-बारा फुटांवर असतो, मध्ये पत्र्याची पातळ भिंत असते आणि तंबूवाल्याला तर तीही नसते, त्यामुळे घरी ज्याला कुणी आवाज म्हणणार नाही तोच तिथे झोप मोडतो. दरवाजा हाताने धरून लावणे, सामान उजेड असतानाच काढून ठेवणे, फोनवर बोलायचे तर चालत लांब जाणे, या गोष्टी कुठल्याही कायद्यात बसणार नाहीत. त्या कॅम्पवाल्याने आल्या आल्या, चहा देतानाच सांगायला हव्यात. मध्यरात्री शेजाऱ्याने सांगितल्या की ते भांडण होते.

रस्सा मंडळ

आपला त्रास मान्य करूनही मला याच्या विरुद्ध बाजू मांडायची आहे. कोल्हापुरात चार मित्र जमले की शेतात चूल मांडून रस्सा करणे ही कालपरवाची हौस नव्हे. मटण शिजायला वेळ लागतो, जेवायला अकरा वाजतात आणि जेवणानंतर जी मैफल जमते तिच्यासाठीच माणसे आलेली असतात. शहरातल्या इमारतीत मोठ्याने हसलो तर दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गटावर निरोप येतो, मंगल कार्यालयाला वेळेचे बंधन असते आणि हॉटेलवाला अकरा वाजता खुर्च्या उलट्या करायला लागतो. मग मोकळ्या माळावर येऊनही कुजबुजतच बोलायचे असेल, तर माळावर यायचे कशाला?

आणखी एक मुद्दा असा की, नऊ वाजता झोपणारा माणूस आपली झोपेची वेळ सगळ्या तळावर लादत असतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही. भाडे दोघेही सारखेच भरतात. त्या मुलांनी भजी दिली, सांगितल्यावर आवाज कमी केला, एक वाजता स्वतःहून बंद केला. इतके करूनही त्यांच्यावर धागा निघत असेल, तर पुढच्या वेळी ती भजी तरी का देतील?

डेसिबलमोज्या

दोन्ही बाजूंनी कायद्याचा उल्लेख ओझरताच झाला आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहितो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत आणि त्यांत रात्र म्हणजे १० ते ६. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेतातला कॅम्प निवासी धरायचा की व्यापारी, यावर वकील दिवसभर बोलू शकतील, परंतु ध्वनिक्षेपक आणि ध्वनिवर्धक यंत्रणा रात्री बंद सभागृहाबाहेर वाजवू नये ही अट भाग पाहून बदलत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. मित्राचा वाढदिवस हा त्यातला सण नव्हे.

आता पायरीवरच्या स्पीकरचा हिशेब पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ८० डेसिबल भरणारा छोटा ब्लूटूथ स्पीकर १० मीटरवर ६० भरतो आणि त्याला ४५ वर यायला सुमारे ५६ मीटर लागतात. आपल्याकडच्या किती कॅम्पवर दोन गाड्यांमध्ये ५६ मीटर असतात? त्यातही हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्या वरची उबदार असली की वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो, म्हणून तळ्याच्या पलीकडच्या काठावरचे बोलणेसुद्धा शब्दन् शब्द ऐकू येते. वाजवणारा खोटे बोलत नसतो. संध्याकाळी पाच वाजता जो आवाज त्याला माफक वाटला होता, तोच रात्री लांब पोहोचतो.

स्पीकरबाबत मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे, हसण्या-बोलण्याबाबत मात्र नाही. माणसाच्या गळ्यावर मीटर लावायला लागलो तर तळावर कुणीच येणार नाही.

बावड्याकडची

मी या बाजूच्याच एका वाडीतली आहे आणि आमच्या शिवारालगत असे दोन कॅम्प आहेत. वरची सगळी चर्चा वाचली. पाहुणे एकमेकांचे शेजारी आहेत हे सगळ्यांना दिसले, परंतु आम्ही कुणाचे शेजारी आहोत, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

ज्या आठवड्यात शेतीपंपाची थ्री-फेज वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात आमच्या घरातला माणूस रात्री पाणी पाजायला शेतात असतो. पिकात गवे उतरायला लागले की राखणीला बसून डबे वाजवावे लागतात. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून रात्रभर कारखान्याकडे जातात. त्या गाण्यांचा आम्हालाही त्रास होतो, पण चालकाचा डोळा लागला तर ट्रॅक्टर कुठे जाईल हेही आम्हाला माहीत असते. गेल्या वर्षी कॅम्पवरच्या एका पाहुण्यांनी राखणीचे डबे बंद करायला सांगण्यासाठी कॅम्पच्या पोराला आमच्या बांधावर पाठवले होते. पोर आमच्याच वाडीतले. मान खाली घालून उभे राहिले, बोलले काहीच नाही. शेवटी माझ्या सासऱ्यांनीच त्याला विचारले, "त्यांना सांग, गव्याला चिठ्ठी लिहून ठेवू का?"

शांततेसाठी गावात येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की गाव म्हणजे निजलेली जागा नव्हे. आणि मैफलीसाठी येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की दूध काढायला आम्ही पहाटे चारला उठतो. तुमच्या मैफलीचा माळ मोकळा दिसतो, कारण आमची घरे झाडांच्या मागे आहेत.

कॅम्पचालक

मी असाच एक छोटा तळ चालवतो. बारा जागा आहेत. वर ज्या पोराचा उल्लेख आला आहे तसाच एक मुलगा माझ्याकडेही रात्रपाळीला असतो, म्हणून या व्यवसायातली एक अडचण उघडपणे लिहितो.

नियमांचा फलक माझ्याकडेही आहे, आगमनाच्या अर्जावर सही घेतो ती वेगळीच. परंतु शनिवारी रात्री साडेबारा वाजता तो फलक अमलात आणायचा असतो तो वीस वर्षांच्या, वाडीतल्या मुलाने, आणि समोर असतात शहरातून आलेले, पैसे मोजलेले, त्याच्यापेक्षा वयाने आणि आवाजाने मोठे आठ जण. सकाळी त्यांनी एक तारा देऊन 'कर्मचारी उद्धट' असे लिहिले की पुढचे दोन महिने कुटुंबे फोन करताना त्याबद्दल विचारतात. अनामत रक्कम घेऊन पाहिली. ती कापून घेण्याचा प्रसंग आला तेव्हा माझाच हात धजला नाही. अकराला जनरेटर बंद करून पाहिला. स्पीकर बॅटरीवर चालत राहिले आणि फक्त स्वच्छतागृहात अंधार झाला, तो आजीबाईंच्या गैरसोयीचा.

२०२१ साली राज्याने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेव्हा आमच्यासारख्यांना हुरूप आला, पण जागा आखताना मी वीज, पाणी आणि सांडपाणी यांचाच विचार केला. कोण लवकर झोपणार आणि कोण जागणार, हा आखणीचाच भाग आहे, हे पहिला हंगाम संपल्यावर कळले. आता नोंदणीच्या फोनवर सरळ विचारतो, "जेवण किती वाजता?" आठ म्हणणारे एका बाजूला, अकरा म्हणणारे दुसऱ्या बाजूला. 'तुम्ही दंगा करणार का' असे विचारले तर कुणीच होय म्हणत नाही.

जुना भटक्या

काही वर्षे अमेरिकेत होतो. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या तळांवरही शांततेची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशीच आहे, आणि जनरेटरसारख्या यंत्रांचा आवाज ५० फुटांवर ६० डेसिबलच्या वर जाऊ नये असा नियम आहे. मात्र तिथे फेरी मारायला गणवेशातला रेंजर असतो. रात्रपाळीच्या मुलाचे जे दुखणे वर आले आहे, त्याचे उत्तर बहुधा तिथे आहे.

रस्सा मंडळ

गणवेशाने प्रश्न सुटत असता तर गणपतीत डॉल्बी कधीच वाजला नसता.

स्पीकरबाबत मी माघार घेतो. ५६ मीटरचा हिशेब मला माहीत नव्हता आणि पुढच्या वेळी आम्ही स्पीकर घरी ठेवून हलगीवाला मित्रही घरी ठेवू (हा विनोद आहे, त्याला वाचायला देऊ नका). हसण्याबाबत मात्र माघार नाही. 'जेवण किती वाजता' हा प्रश्न उत्तम आहे. आम्हाला लांबच्या टोकाची जागा द्या, स्वच्छतागृह दूर पडले तरी चालेल.

रंकाळाकाठ

बावड्याकडच्या ताईंचे म्हणणे वाचून मला आमचीच एक गोष्ट आठवली. दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडा आरवला तेव्हा मी चिडून खिडकी लावून घेतली होती, आणि ती लावताना आदल्या रात्रीच्या दाराइतकाच आवाज झाला होता. शेजारच्या गाडीतून कुणी काही बोलले नाही.

रस्सा मंडळाच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. झोपणाऱ्याने आपली वेळ लादली असे म्हणता येत नाही, कारण माझ्या झोपेमुळे त्यांच्या ताटातला रस्सा कमी होत नाही; त्यांचा स्पीकर माझ्या आईच्या उशीपर्यंत येतो. भजी उत्तम होती आणि हे त्या मुलांविरुद्ध नाही, हे पुन्हा लिहितो. त्यांना दाराचे कुणी सांगितलेच नव्हते, मीही नाही. मी फक्त गाण्याचे सांगितले. लांबच्या टोकाची व्यवस्था झाली तर माझी तक्रार संपली.

बावड्याकडची

तुमची संपली, आमची सुरू होईल. कॅम्पचे लांबचे टोक म्हणजे बहुतेक ठिकाणी गावाच्या जवळचे टोक. आमच्याकडच्या एका तळाचे लांबचे टोक आमच्या गोठ्यापासून बांध ओलांडला की आहे.

कॅम्पचालक

खरे आहे. माझ्याकडेही तसेच आहे आणि हे आजवर मला कुणी म्हटले नव्हते. जागणाऱ्यांची बाजू मी स्वच्छतागृहाचे अंतर पाहून ठरवली होती, वाडीचे पाहून नाही. येत्या शनिवारी स्पीकर लावून वाडीतल्या शेवटच्या घराच्या अंगणात स्वतः उभा राहून ऐकतो आणि इथे लिहितो. सरकत्या दारांच्या रुळांना ग्रीस आजच लावायला सांगितले आहे.