विरजणाच्या चार वाट्या

आगर प्लेट (जिवाणू वाढवायची जेलीची बशी) आणि इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी) नसेल तर शाळेत जिवाणूंचे प्रयोग होऊ शकत नाहीत, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. दही लावा ना!

एकाच पातेल्यातलं उकळून कोमट केलेलं दूध चार वाट्यांत समान घ्यायचं. पहिलीत विरजण घालून ती उबेला, दुसरीत तेवढंच विरजण पण फ्रिजमध्ये, तिसरीत आधी उकळून गार केलेलं विरजण, चौथीत काहीच नाही. तिसरी आणि चौथी पहिलीच्या शेजारीच. मुलांना ही चौथी वाटी हमखास फुकट वाटते. पण तीच नसेल तर दही विरजणाने लागलं की दूध आपोआप नासलं, हे सांगणार कसं? काय होईल याचा अंदाज आधीच वहीत लिहून घ्या, नंतर खोडायचा नाही. दर तासाला आंबटपणा दाखवणारी पीएच पट्टी बुडवा; आकडा जितका कमी, तितकं जास्त आंबट. दूध साधारण ६.६ वर असतं, ४.६ च्या आसपास केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, साकळतं.

प्रत्येक प्रकाराच्या निदान तीन वाट्या हव्यात. आणि दुसऱ्या दिवशी चौथी वाटीही आंबलीच, तर ती फेकू नका. उकळूनही तग धरणारे बीजाणू (काही जिवाणूंचं टणक, सुप्त रूप) की हवेतून पडलेले जिवाणू? पुढचा प्रयोग मुलांनाच आखू द्या.