मदत हवी आहे: घाटात दरड आणि झाडं काढायला नेतो त्या पिकअपवर पिवळा दिवा कुठे, कसा बसवू?

नमस्कार मंडळी,

मी कणकवलीजवळ राहतो. घरची बोलेरो पिकअप आहे. एरवी तिच्यातून आंब्याच्या पेट्या, काजू, चिरे असली भाडी होतात, पण जून ते सप्टेंबर ती बहुतेक घाटातच असते. झाड आडवं पडलं किंवा दरडीची माती रस्त्यावर आली की जेसीबीच्या पाठोपाठ आम्ही निघतो. मी, धाकटा भाऊ आणि वाडीतली तीन पोरं. हौद्यात लाकूड कापायची मशीन, दोर, पहारी, घमेली, डिझेलचा कॅन. करूळ, भुईबावडा, फोंडा, कधीतरी आंबोलीसुद्धा.

गेल्या जुलैत भुईबावड्यात जे झालं, त्यामुळे हा धागा काढतोय. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, धुकं इतकं की स्वतःच्या गाडीचं बोनेट नीट दिसत नव्हतं. वळणाच्या खाली गाडी उभी करून चारी इंडिकेटर चालू ठेवले होते. पण तोडलेल्या फांद्या हौद्यात टाकल्या होत्या आणि त्यांचे शेंडे फाळक्यावरून खाली लोंबत होते. मागचे इंडिकेटर त्या पानांखाली गेले, हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. वरून एक टेम्पो आला. ब्रेक लागला, गाडी घसरली आणि फाळक्यापासून हातभर अंतरावर थांबली. भाऊ दोर धरून तिथेच उभा होता. त्याने गटारात उडी मारली म्हणून वाचला. टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा थरथरत होता. म्हणाला, "दादा, मला नुसती पानं दिसली."

त्यानंतर दिव्यासाठी दोन प्रयत्न केले, दोन्ही फसले.

आधी चुंबकवाला गोल दिवा आणला. आठ दिवसांत एका खड्ड्यात तो टपावरून उडाला आणि वायरला लोंबत राहिला. चुंबकाखाली तांबड्या मातीचे कण अडकून रंग खरवडला होता आणि तिथे गंज धरला. मग एका गॅरेजात टपाला चार भोकं पाडून दिवा बसवून घेतला. सिलिकॉन भरलं होतं, पण श्रावणात पाणी गळायला लागलं, थेंब थेट माझ्या गुडघ्यावर. वायर लायटरच्या सॉकेटवरून घेतली होती. दुसऱ्याच दिवशी फ्यूज गेला. दिव्याच्या काचेत आतून वाफ धरली आणि उघडून पाहिलं तर तांब्याची तार हिरवी पडलेली.

शिवाय दिवा टपावर पुढच्या बाजूला असल्यामुळे प्रत्येक झगमगीला ओलं बोनेट आणि समोरचं धुकं पिवळं व्हायचं. गाडी चालवताना डोळ्यांसमोर भिंत उभी राहायची. शेवटी तो बंद करून टाकला.

आता मे उजाडलाय. पाऊस लागायच्या आत हे काम एकदाच आणि नीट करायचंय. दिवा नेमका कुठे बसवू? एक मोठा घेऊ की दोन लहान? वायरिंग कसं करू? आणि पिवळा दिवा लावला तर आरटीओची काही अडचण येईल का? पैसे लागले तर लागू देत, पण पोरांच्या जीवाला घोर नको.

— घाटातला

तारजोड्या:

घाटातला दादा, आधी भाऊ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं.

वायरिंगचं सांगतो, माझा धंदाच तो. लायटरचं सॉकेट विसरून जा. बॅटरीच्या प्लसवरून स्वतंत्र वायर काढायची आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज घालायचा. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासली गेली तर तिला वाचवणारं काहीच नसतं, म्हणून ते अंतर कमीत कमी ठेवायचं. तिथून रिलेच्या (स्विचच्या बारीक करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) ३० नंबरच्या टोकाला, ८७ मधून दिव्यांना. ८५ आणि ८६ कॉइलचे, त्यातला एक डॅशबोर्डच्या स्विचला आणि दुसरा अर्थला, म्हणजे मायनसला. स्विच आत बारीक लाल बत्ती असलेलाच घे, म्हणजे दिवे चालू राहिलेत हे कळतं.

हिशोब साधा आहे. एलईडीचे २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअरच्या आसपास. १० अँपिअरचा फ्यूज आणि अडीच चौरस मिमीची वायर भरपूर झाली. मात्र सहा तास इंजिन बंद ठेवून दिवे चालवलेस तर बॅटरीतून वीसेक अँपिअर-तास जातील. त्यात तू हेडलाइट पण लावणार. मधूनमधून इंजिन चालू कर, नाहीतर पहाटे धक्का मारायची पाळी येईल.

अर्थ बॉडीच्या गंजक्या बोल्टला देऊ नको. कोकणात निम्मे दिवे अर्थमुळेच मरतात. मायनसची वायरही बॅटरीपर्यंत आण. आणि दिव्यात वायर शिरते तिथे तिला आधी खाली झोळ देऊन मग वर ने, म्हणजे पाणी वायरवरून उतरून झोळाच्या टोकाशी ठिबकतं, आत जात नाही.

मिशिगनकर:

मी मूळचा देवरुखचा, बरीच वर्षं अमेरिकेत मिशिगनला आहे. इथे हिवाळ्यात पिकअपला पुढे पातं लावून बर्फ ढकलतात. मी स्वतः दोन हिवाळे ते काम केलंय. तुमचा प्रश्न वाचला आणि ते दिवस आठवले, कारण अडचण तीच आहे. गाडी हळू चालते किंवा उभी असते, हवेत काही दिसत नाही आणि मागून येणाऱ्याला वाटतं रस्ता मोकळा आहे.

इथले लोक टपाला भोक पाडत नाहीत. केबिनच्या मागे, काचेच्या संरक्षणासाठी जी लोखंडी जाळी असते तिच्यावर दिवे बसवतात. बर्फ ढकलताना गाडीच्या मागे बर्फाचा धुरळा उठतो आणि खालचे टेललाइट त्यात लिंपले जातात, म्हणून इशाऱ्याचा दिवा उंचावर हवा. तुमच्याकडे बर्फाच्या जागी चिखल आणि फांद्या. पुढच्या बाजूला तर पातं उचललं की गाडीचे हेडलाइटच झाकले जातात, म्हणून पात्याच्या सांगाड्यावर हेडलाइटची जादा जोडी वर लावतात. थोडक्यात, आधी माल किंवा अवजार काय काय झाकणार ते बघायचं आणि मग दिव्याची जागा ठरवायची.

आणखी एक. जुने बल्बवाले दिवे तापायचे, त्या उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळायचा. एलईडी गार असतो, त्यामुळे बर्फ तसाच चिकटून राहतो आणि खाली उतरून पुसावा लागतो. तुमच्या काचेतली वाफ सुकत नाही त्याचंही कारण तेच असणार. त्यामुळे पूर्ण बंद, सीलबंद दिवाच घ्या.

इथे बर्फाच्या गाड्यांना पिवळ्याबरोबर हिरव्या दिव्याची मुभा आहे. ते बघून तिकडे हिरवा लावू नका, लोकांना काही अर्थबोध होणार नाही.

खाडीकाठ:

रे बाबा, खाऱ्या वाऱ्यापुढे कोणाचा काय चालता? कणकवली आत असली तरी तुझी गाडी अधेमधे देवगड-मालवणला जातच असणार.

माझं आयुष्य ट्रॉलरवर गेलं. गाडीच्या सामानाच्या दुकानात जाऊ नको. मिरकरवाड्याला किंवा मालवणला बंदरावर जे बोटीचं वायरिंग करतात त्यांच्याकडे जा. त्यांच्याकडे कल्हई केलेल्या तांब्याची वायर मिळते, ती हिरवी पडत नाही. जोडावर आतून गोंद असलेली नळी चढवून गरम करायची, नुसती चिकटपट्टी नको. टर्मिनलला पेट्रोलियम जेली.

नट-बोल्ट स्टेनलेसचे, आणि ३०४ ग्रेडपेक्षा ३१६ ग्रेडचा घे, मिठाला तो जास्त टिकतो. दिव्याचा तळ अॅल्युमिनियमचा असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर घालच. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की अॅल्युमिनियम पिठासारखं झडतं. दिव्यावर आयपी६७ लिहिलेलं बघ. म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाऊ नये.

घाटातला:

सगळ्यांचे मनापासून आभार. जाळीची कल्पना पटली. आमच्या गाडीला केबिनमागे जाळी आहेच. पण दोन शंका. जाळीवर दिवा किती उंच ठेवू? आणि फांद्या जाळीपेक्षा उंच भरल्या तर मागून दिवा दिसणारच नाही, त्याचं काय करू?

तारजोड्या:

टपापेक्षा चार-पाच इंच वर, त्याहून जास्त नको. तेवढ्या उंचीवर टपाचीच सावली बोनेटवर पडते आणि ती पिवळी भिंत उभी राहत नाही. मध्यभागी एक लावण्यापेक्षा दोन्ही कोपऱ्यांना दोन लाव. धुक्यात एकच दिवा दिसला तर मोटारसायकल की ट्रक ते कळत नाही, दोन दिसले की गाडीची रुंदी कळते. रात्री उजेड कमी करायची सोय असलेला दिवा मिळाला तर तोच घे. धुक्यात जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणं नव्हे.

मागच्यासाठी हौद्याच्या मागच्या दोन खांबांना, फाळक्याच्या बाहेरच्या अंगाला, दोन चपटे पिवळे फ्लॅशर. त्याच रिलेवर चालतील. आणि फांद्या फाळक्याबाहेर लोंबू द्यायच्या नाहीत, हा नियम पोरांना आत्ताच घालून दे.

वळणावरचा:

मी एसटीत ड्रायव्हर होतो, आता निवृत्त. दिव्याचं सगळं बरोबर आहे, पण बाळा, वळणापलीकडचा दिवा कुणाला दिसत नाही. ताशी ४० ने उतरणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद, मग ओल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी पंधरा-सोळा मीटर. म्हणजे सपाटीलाच तीस मीटर झाले, उताराला त्याहून जास्त. तुझ्या धुक्यात वीस मीटर दिसत असेल तर दिवा कितीही मोठा असो, उशीरच झाला.

वळणाच्या अलीकडे, निदान पन्नास पावलं वर, एक माणूस रिफ्लेक्टरचं जाकीट घालून आणि हातात बॅटरी घेऊन उभा कर. तो डोंगराच्या बाजूला, गटाराजवळ हवा. त्रिकोण आणि कोनही तिथेच ठेव. मी घाटात गाडी चालवायचो तेव्हा खांबाला बांधलेला फाटका लाल रुमाल बघून कितीदा ब्रेक मारलाय.

गाडीला रिफ्लेक्टर पट्ट्याही नव्या लाव, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. त्यांना बॅटरी लागत नाही.

कायद्याचं म्हणशील तर लाल आणि निळ्याच्या वाटेला जाऊच नको. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरले. पिवळ्यासाठी बांधकाम खात्याच्या कामाचं पत्र घेऊन आरटीओत जा आणि लेखी घे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचा विषय आहे, त्यामुळे तोंडी "चालेल" वर विसंबू नको. आणि काम नसताना, नुसतं रस्त्याने जाताना, दिवा बंद. उगाच लुकलुकणाऱ्या दिव्याची लोकांना सवय झाली की खरी वेळ आली तरी कुणी वेग कमी करत नाही.

घाटातला:

काका, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. भाऊ काही बोलला नाही, उठून गेला आणि जुनं जाकीट धुवायला टाकलं.

आज काम झालं. जाळीला दोन्ही कोपऱ्यांत वीतभर नळी वेल्ड करून वर दिवे, मागच्या खांबांना चपटे फ्लॅशर, वायर बंदरावरून आणलेली. टपाची चार भोकं पत्र्याचा तुकडा लावून बुजवली. आरटीओसाठी पत्राचा अर्ज खात्याकडे दिलाय.

संध्याकाळी पाण्याचा पाइप लावून अर्धा तास दिव्यांवर धार मारली, आत थेंब नाही. मग अंधार पडल्यावर गाडी फोंड्याच्या पायथ्याशी उभी केली, हौद्यात जाळीच्या उंचीपर्यंत फांद्या भरल्या आणि मी मागे चालत गेलो. शंभर पावलांवरून चारही दिवे दिसत होते. मग वळण ओलांडलं आणि एकही दिसेना. नुसता समोरच्या दरडीवर पिवळा उजेड येत-जात होता. काकांचं म्हणणं तिथे उभा राहिल्यावर खरं कळलं.

आता एकच विचारायचंय. वळणावर जो पोरगा उभा करायचा त्याच्याशी बोलायचं कसं? घाटात मोबाइलला रेंज नाही, जेसीबीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. शिट्टी चालते का? की कुणी दुसरं काही वापरतं?

वळणावरचा:

शिट्टी चालते, पण खुणा आधी ठरवा. एक लांब म्हणजे गाडी येतेय, तीन तुटक म्हणजे सगळ्यांनी रस्ता सोडायचा. आणि जेसीबीवाल्यालाही त्या पाठ असल्या पाहिजेत. त्याला शिट्टी ऐकू येणार नाही, म्हणून तुमच्यातला एकजण कायम त्याच्या नजरेसमोर हात वर करायला उभा हवा.