मदत हवी आहे: घरच्या टॉर रिलेमुळे बँकेची साईट उघडेना, रिले बंद करावा लागेल का?

रानजाई:

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची. पाच आठवड्यांपासून घरी टॉरचा रिले चालवतेय (टॉर म्हणजे लोकांची नेटवरची रहदारी कुलूपबंद करून एकामागून एक तीन संगणकांतून फिरवणारं जाळं, म्हणजे कोण काय बघतोय ते कळत नाही; रिले म्हणजे त्यातला एक संगणक) आणि आता अशा ठिकाणी अडकलेय की कुणीतरी अनुभवी माणसानेच मार्ग दाखवावा.

आधी हे का करतेय ते सांगते, म्हणजे "कशाला नसती उठाठेव" हा प्रश्न येणार नाही. पुण्यात एम.एस्सी.ला माझ्या वर्गात एक इराणी मुलगी होती. दोन वर्षं आम्ही एकाच खोलीत राहिलो. शिक्षण संपल्यावर ती परत गेली. २०२२च्या सप्टेंबरमध्ये पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी या तरुणीचा मृत्यू झाला, निदर्शनं पेटली आणि तिकडच्या सरकारने नेट आवळलं. इन्स्टाग्राम गेलं, व्हॉट्सअ‍ॅप गेलं. अकरा दिवस तिचा काही पत्ता नव्हता. बाराव्या रात्री मेसेज आला, की आई बरी आहे, मी बरी आहे, स्नोफ्लेक लावून (सरकारची अडवणूक चुकवून) आलेय, कधी तुटेल सांगता येत नाही. मला तेव्हा स्नोफ्लेक म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की कुठल्या तरी देशातल्या अनोळखी माणसाने आपलं नेट उघडं ठेवलं होतं म्हणून तो मेसेज माझ्यापर्यंत आला. तेव्हापासून मनात होतं की आपणही आपला वाटा उचलायचा.

जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकलं, बॅटरी काढून ठेवली, इन्व्हर्टरच्या प्लगला जोडला. आमच्या केबलवाल्याकडे सगळ्या गल्लीला मिळून एकच बाहेरचा पत्ता होता, त्यामुळे पहिले चार दिवस लॉगमध्ये 'बाहेरून तुमच्या पोर्टपर्यंत (बाहेरच्यांना आत यायच्या दारापर्यंत) पोहोचता येत नाही' हेच येत राहिलं. महिन्याला जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी (फक्त आपला, न बदलणारा नेटवरचा पत्ता) घेतला, राउटरमध्ये ९००१ पोर्ट पुढे पाठवला आणि त्या संध्याकाळी 'पोर्ट बाहेरून पोहोचण्याजोगा आहे' अशी ओळ आली. ती मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. एक्झिट, म्हणजे जिथून रहदारी शेवटी साईटकडे बाहेर पडते ते काम, पहिल्यापासून बंदच आहे, फक्त मधला रिले. १०० एमबीपीएसच्या लाईनपैकी ४० दिलेत.

आता अडचण. दुसऱ्या आठवड्यात सासऱ्यांनी हाक मारली, बँकेची साईट 'परवानगी नाही' म्हणतेय. मी ब्राउझर साफ केला, राउटर बंद-चालू केला, काही नाही. मग लाईट बिल भरायचं पान, मग मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म. मोबाइल डेटावर सगळं उघडतं, घरच्या वायफायवर नाही. सासरे पेन्शन तपासायला आता गच्चीत जातात, कारण घरात रेंज नाही. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

माझा प्रश्न असा, की माझ्या रिलेतून बाहेरच्या साईटवर काहीच जात नसताना बँक मला का अडवते? आणि घरच्यांना त्रास न देता हे चालू ठेवायचा काही मार्ग आहे का?

आणखी एक. गेल्या आठवड्यात रिलेला 'गार्ड' (साखळीत पहिल्या जागी बसण्याजोगा) हा शिक्का मिळाला आणि त्याच दिवसापासून रहदारी निम्म्यावर आली. माझं काही चुकलं का?

घाटमाथा:

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणजे निदान ती काळजी जाईल. तुमचं काहीही चुकलेलं नाही. नवा रिले सुरू झाला की पहिले दोन-तीन दिवस त्याच्याकडे कुणी फिरकत नाही, कारण त्याचा वेग अजून मोजलेला नसतो. मग मोजणी करणारी यंत्रं तपासतात आणि रहदारी चढू लागते. आठ दिवस उलटले आणि वेग व टिकाऊपणा पुरेसा असला की 'गार्ड' शिक्का मिळू शकतो. तो मिळाला की लोकांचे टॉर तुम्हाला सर्किटच्या (तीन रिलेंच्या साखळीच्या) मधल्या जागेसाठी कमी निवडतात, कारण पहिल्या जागेसाठी रिले दुर्मीळ असतात. पण पहिली जागा कुणी रोज बदलत नाही. एक गार्ड धरला की माणूस कित्येक आठवडे तोच वापरतो. त्यामुळे जुनं काम सुटलं आणि नवं हळूहळू येणार, असा हा मधला खड्डा असतो. तो पुढच्या काही आठवड्यांत भरून निघतो. माझ्या पहिल्या रिलेच्या वेळी मीही याच खड्ड्यात घाबरून सगळं पुसून नव्याने टाकलं होतं आणि दोन महिन्यांची कमाई घालवली होती. तुम्ही तसं करू नका.

आता बँक. टॉरमधल्या प्रत्येक सार्वजनिक रिलेचा आयपी उघड असतो. तो उघड असावाच लागतो, नाहीतर लोकांचे टॉर त्याला शोधणार कसे? दर तासाला नवी यादी निघते, कुणीही उतरवून घेऊ शकतो. त्यातले एक्झिट कोणते, हेही टॉरवाले वेगळं प्रसिद्ध करतात. म्हणजे ज्याला टॉरमधून येणारे लोक अडवायचे आहेत त्याने फक्त एक्झिट अडवले तरी भागतं. पण साईटची राखण करणाऱ्या कंपन्या इतका विचार करत नाहीत. अख्खी यादी उचलतात आणि टाकतात काळ्या यादीत. तुमचा रिले बँकेशी कधी बोललाच नाही, तरी तुमचं घर त्या यादीत आहे.

तेव्हा घरच्या आयपीवर सार्वजनिक रिले नको. नियम म्हणून चालतो, पण घरात म्हातारी माणसं आणि मुलांचे फॉर्म असतील तर नकोच.

तिसरा_डबा:

रिले बंद करून त्याच जागी ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरायचा लपलेला रिले, का लावत नाही? ब्रिजचा पत्ता यादीत येत नाही. वेगही फार लागत नाही, १ एमबीपीएस असला तरी चालतो. बँकेला कळणारच नाही.

घाटमाथा:

@तिसरा_डबा, एरवी हाच सल्ला मीही दिला असता. इथे चालणार नाही. ब्रिजचा सगळा उपयोग त्याचा पत्ता कुणाला माहीत नसण्यात आहे. ताईंचा हा आयपी पाच आठवडे जगजाहीर यादीत होता. ज्या देशाला टॉर अडवायचं आहे त्याने तो केव्हाच टिपून ठेवला असेल. तिथल्या माणसाच्या हातात असा ब्रिज पडला तर त्याच्या दृष्टीने ते न उघडणारं दार.

ताई, मी असं सुचवेन. स्टॅटिक आयपी परत करा, पुन्हा गल्लीच्या सामाईक पत्त्यावर या आणि घरी स्नोफ्लेक लावा. तुमच्या मैत्रिणीने जे वापरलं तेच. त्याला ना स्वतःचा आयपी लागतो ना पोर्ट उघडावा लागतो. अडवलेल्या देशातला माणूस तुमच्या स्नोफ्लेकशी जोडला जातो, बाहेरून पाहणाऱ्याला तो व्हिडिओ कॉलसारखा दिसतो, आणि तुमच्याकडून ती रहदारी थेट स्नोफ्लेकच्या ब्रिजकडे जाते. कुठल्याही साईटला तुमचा पत्ता दिसत नाही, आणि आत काय चाललंय ते तुम्हालाही दिसत नाही. जगभर असे लाखाहून जास्त लोक चालू-बंद होत असतात, पत्ते सतत बदलतात, त्यामुळे सेन्सॉरला एकेक करून बंद करणं जमत नाही. तुमच्या केबलवाल्याचा सामाईक पत्ता रिलेसाठी अडचण होता, इथे तो आड येत नाही.

ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन म्हणून टाकता येतं, पण तुमच्याकडे लॅपटॉप रात्रंदिवस चालू आहेच, तर स्नोफ्लेकचा स्वतंत्र प्रोग्रॅम (प्रॉक्सी) टाका.

आणि पाच आठवडे जो रिले वाढवला तो मारू नका. टॉरच्या डेटा फोल्डरमधल्या 'कीज'ची प्रत काढून ठेवा. रिलेची ओळख म्हणजे त्या किल्ल्या, आयपी नव्हे. भाड्याचा छोटा सर्व्हर घेऊन त्यावर त्याच किल्ल्या ठेवल्या तर तोच रिले नव्या पत्त्यावर उभा राहतो. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र चालवू नका. बंद करताना प्लग उपटू नका, नीट थांबवा. तो नवीन जोडण्या घेणं थांबवतो आणि आतल्या लोकांना तीसेक सेकंद देतो.

रानजाई:

घाटमाथा दादा, काय बोलू! इतकं सविस्तर कुणी समजावलं नव्हतं. किल्ल्यांची प्रत आत्ताच पेनड्राइव्हवर घेतली.

भाड्याच्या सर्व्हरबद्दल दोन शंका. महिना साडेचारशेच्या आसपास एक मिळतोय, १ जीबी मेमरी, पण रहदारीला मर्यादा आहे. आणि पोलिसांचं काय? सासऱ्यांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, दारात पोलीस आले तर त्यांना ते सहन होणार नाही.

तिसरी शंका नाही, एक विचार आहे. मी गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. तिथलं नेट रात्रभर पडून असतं. तिथे काही करता येईल का?

काळा_कोट:

वकिली करते, संगणक गुन्ह्यांची प्रकरणं पाहते, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते. टॉर वापरणं किंवा रिले चालवणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आपल्याकडे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांचे संदेश पुढे पोहोचवणाऱ्याला, संरक्षण देतं. त्याने संदेश सुरू केलेला नसावा, तो कुणाला जावा हे ठरवलेलं नसावं आणि त्यातला मजकूर निवडलेला वा बदललेला नसावा, असं ते म्हणतं, बाकी दक्षतेच्या अटी आहेतच. मधल्या रिलेचं काम नेमकं असंच असतं. पण कलम हाताशी असणं आणि जप्त झालेला लॅपटॉप परत मिळणं यांत अंतर असतं, हे मी रोज बघते.

म्हणून घरी एक्झिट कधीच नको. मॉस्कोत दिमित्री बोगातोव हे गणिताचे अध्यापक घरून एक्झिट चालवत होते. २०१७च्या एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली, कारण कुणीतरी लिहिलेल्या भडकाऊ मजकुरामागे त्यांच्या घरचा आयपी होता. जुलैमध्ये कोठडीतून नजरकैदेत आले, आरोप मागे घेतले गेले २०१८च्या मे महिन्यात. तुम्ही एक्झिट बंद ठेवलात हे सगळ्यात शहाणपणाचं केलंत.

सर्व्हर भारतात घेणार असाल तर एक माहीत असू द्या. २८ एप्रिल २०२२च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) निर्देशांनुसार व्हीपीएन, क्लाउड आणि भाड्याचे सर्व्हर देणाऱ्यांना ग्राहकाची माहिती ५ वर्षं ठेवावी लागते. लपवण्यासारखं काही नाही, तेव्हा खरं नाव द्या, खरा पत्ता द्या, आणि रिलेच्या संपर्काच्या रकान्यात चालू ई-मेल लिहा. ज्या रिलेमागे माणूस आहे हे दिसतं त्याच्याबद्दल विचारणा पत्राने येते. केबलवाल्याचा करारनामाही वाचा, घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवू नये असं कलम बऱ्याच करारांत असतं.

घाटमाथा:

रहदारीची मर्यादा: १ टीबी महिनाभर समान वाटली तर साधारण ३ एमबीपीएस होते, ते सार्वजनिक रिलेला फार थोडं आहे. सतत १० एमबीपीएस चालवलं तर महिन्याला एका दिशेला सुमारे सव्वातीन टीबी होतं. टॉरच्या सेटिंगमध्ये 'अकाउंटिंगमॅक्स' लावा, म्हणजे मर्यादा आली की रिले झोपतो आणि बिल वाढत नाही. पण तो आत आणि बाहेर वेगवेगळं मोजतो. सर्व्हरवाला दोन्हीची बेरीज धरत असेल तर निम्मा आकडा लिहा. या एका चुकीपायी लोक पहिल्याच महिन्यात हात वर करतात. मर्यादा फारच कमी असेल तर तिथे ब्रिज लावा, नवा कोरा पत्ता आहे, तिथे ब्रिजला अर्थ आहे. फक्त त्यासाठी जुन्या किल्ल्या वापरू नका, त्या यादीत येऊन गेल्यात.

सह्याद्री_वाचक:

वाचनालयाबद्दल लिहितो, मी स्वतः ग्रंथपाल होतो. ताई, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या लेबनॉन गावात किल्टन नावाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. २०१५मध्ये त्यांनी रिले सुरू केला. केंद्रीय सुरक्षा खात्याकडून स्थानिक पोलिसांपर्यंत इशारा गेला, पोलीस ग्रंथालयाशी बोलले आणि रिले थांबवावा लागला. मग सप्टेंबरमध्ये विश्वस्तांची खुली सभा झाली, गावातले लोक येऊन बाजूने बोलले, आणि रिले पुन्हा सुरू झाला.

तो वाचला कारण त्याला सभेचा आधार होता. तुम्ही रात्री गुपचूप जोडून आलात तर पहिल्या फोनला अध्यक्ष हात झटकतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. कार्यकारिणीपुढे विषय ठेवा, इतिवृत्तात नोंद करून घ्या. वाचनालयात आम्ही कुणी कुठलं पुस्तक नेलं हे तिसऱ्याला सांगत नाही. सभासदांना एवढं सांगितलं तरी मुद्दा पोहोचेल.

रानजाई:

दहा दिवसांनी धागा वर काढतेय, उत्तर देणाऱ्यांना काय झालं ते कळायला हवं.

रिले नीट थांबवला. स्टॅटिक आयपी परत केला आणि केबलवाल्या दादांना समजावून सांगितलं की हा पत्ता लगेच दुसऱ्या घराला देऊ नका, महिनाभर मोकळा ठेवा, नाहीतर त्यांचीही बँक अडेल. त्यांनी वहीत लिहून घेतलं. बँकेचं पान त्याच संध्याकाळी उघडलं. सासऱ्यांनी पासबुक आणून आकडे जुळवले आणि म्हणाले, "मग आता तुझ्या त्या मैत्रिणीचं काय?" मला वाटत होतं त्यांना काही माहीत नाही.

त्यांना स्नोफ्लेक दाखवला. दर तासाला एक ओळ येते, गेल्या तासात इतक्या जोडण्या, इतकी रहदारी. परवा रात्री एका तासात ७ आल्या. ते खुर्ची ओढून बसले आणि पुढची ओळ येईपर्यंत उठले नाहीत.

रिले नव्या सर्व्हरवर त्याच किल्ल्यांनी चालू आहे. वाचनालयाचा विषय येत्या सभेच्या पत्रिकेवर घेतलाय.

एकच राहिलं. स्नोफ्लेकच्या लॉगमध्ये नॅटचा (एका पत्त्यामागे अनेकांना जोडणाऱ्या सोयीचा) प्रकार 'रिस्ट्रिक्टेड', म्हणजे बंदिस्त, दाखवतोय. हे चालेल, की काही बदलू?

घाटमाथा:

चालेल. सामाईक पत्त्यामागे तसंच दिसणार. ज्यांची जोडणी मोकळी आहे अशा लोकांना तुम्ही वाट देता, बाकीच्यांना दुसरे देतात. राउटरला हात लावू नका, आणि डेबियनचे अपडेट आपोआप होतील असं करून ठेवा.