दुसरा कॅन्सर : सरसकट 'केमोमुळे' म्हणू नये

कुणी विचारलंय की कॅन्सरच्या उपचारांनंतर मूल पाच वर्षं ठणठणीत राहिलं म्हणजे धोका टळला ना? मूळ आजारापुरतं बऱ्याच अंशी हो. उपचारांमुळे पुढे होऊ शकणाऱ्या दुसऱ्या कॅन्सरचं गणित मात्र वेगळं, आणि ते औषधागणिक बदलतं. इटोपोसाइड या केमोच्या औषधानंतरचा रक्ताचा कॅन्सर साधारण एक ते तीन वर्षांतच डोकं वर काढतो. सायक्लोफॉस्फामाइडच्या गटातल्या औषधांनंतर तो बहुधा पाच-सात वर्षांनी येतो. रेडिएशनमुळे होणाऱ्या गाठी त्याहून उशिरा, दहा-वीस वर्षांनीही; म्हणजे तोवर मूल मोठं होऊन बालरोगतज्ज्ञांच्या हातून सुटलेलं असतं. खरी गोची इथेच आहे!

छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींची स्तनतपासणी वयाच्या २५व्या वर्षापासून किंवा उपचारानंतर ८ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी करायला सांगतात. आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमा (लहान मुलांमधला डोळ्याचा कॅन्सर) असेल तर जनुकातच दोष असतो, त्यामुळे दुसऱ्या कॅन्सरचा धोका मुळातच असतो; रेडिएशन त्यात भर घालतं.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी औषधांचे एकूण डोस आणि रेडिएशनची जागा व मात्रा लेखी मागून घ्याच. नुसतं 'केमो झाली होती' एवढ्यावर वीस वर्षांनी कुठलाही डॉक्टर काही ठरवू शकत नाही.