'मडसिल'ला मराठीत काय म्हणाल?

– अमेरिकेतल्या गुलामगिरीवर एक लेख मराठीत करतोय, त्यात 'मडसिल' सारखा येतोय. डिक्शनरीत सिल म्हणजे उंबरा. मातीचा उंबरा?? काही जुळत नाहीये.

– उंबरा नाही हो. लाकडी घर बांधताना सगळ्यात खाली, थेट जमिनीवर आडवी टाकतात ती तुळई, वर अख्खं घर. माणसांना तो शब्द चिकटवला जेम्स हॅमंडने, ४ मार्च १८५८ ला सिनेटमध्ये. म्हणे हलकी कामं करायला प्रत्येक समाजात एक वर्ग खाली लागतोच, त्याशिवाय वरच्यांची प्रगती होत नाही, आमच्याकडे तो काळा गुलाम आणि तुमच्या उत्तरेत पगारी मजूर, तेही गुलामच की. आता हा गृहस्थ साऊथ कॅरोलिनाचा मळेवाला, स्वतःचे गुलाम ३०० च्या आसपास. माडीवर राहणारा दुसरं काय सांगणार!

– उत्तरेतले मजूर भडकले असतील मग.

– भडकले तर! पण त्याच वर्षी इलिनॉयच्या प्रचारात त्यांनी लिंकनच्या बाजूने बॅनर काढले त्यावर 'मडसिल' स्वतःलाच लावून घेतलं. लिंकन मोलमजुरी करत वकील झालेला, त्याने १८५९ ला मिलवॉकीच्या शेतकी प्रदर्शनात ही थिअरी नाव घेऊन खोडली, की आज मजुरी करणारा पैसे साठवून उद्या स्वतःची जमीन घेतो, मजुरी काही जन्माची नसते.

– पण गुलामगिरीला विरोध म्हणजे गुलामांचा कळवळा असं धरू नका हां. नॉर्थ कॅरोलिनाच्या हिंटन हेल्परने १८५७ ला गुलामगिरीविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं, का तर मळेवाल्यांमुळे गुलाम नसलेला गोरा गरीब राहतो. काळ्यांबद्दल त्याच्या मनात तिरस्कारच. आणि फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलाम होता नि १८३८ ला मेरीलँडहून पळाला, त्याने १८५२ ला रॉचेस्टरमध्ये गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर सांगितलं की ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, तुमचा, माझा नाही. मजूर जमीन घेईल वगैरे आशा त्या तुळईतल्या गुलामाला कुठली, तो तर स्वतःच मालकाच्या मालमत्तेत मोजलेला.

– बरं, मग लिहू काय? 'तळागाळातले'?

– नको, त्यात सहानुभूती येते, हॅमंडला ती नव्हती. 'पायाचा दगड' म्हणजे तर सत्कारच झाला :) मी मडसिलच ठेवीन, पहिल्यांदा येईल तिथे 'बुडाचं लाकूड' असा खुलासा देईन.

– 'बुडाचं लाकूड' चालेल, तुच्छता बरोबर उतरतेय. घेतो.