मदत हवी आहे: पीओई केबलवर चालणारा अ‍ॅक्सेस पॉइंट वारंवार रीस्टार्ट होतो

नमस्कार. वरच्या मजल्यावर छताला बसवलेल्या वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंटला नेटवर्क आणि वीज दोन्ही एकाच ईथरनेट केबलमधून मिळतात (यालाच पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर ईथरनेट म्हणतात). एरवी तो व्यवस्थित चालतो, परंतु घरातील बरीच उपकरणे एकाच वेळी जोडली गेली की त्याचा दिवा विझतो आणि काही वेळाने तो नव्याने सुरू होतो. केबलमध्ये वीज सोडणारा इंजेक्टर ८०२.३एटी या पीओई मानकाचा म्हणजे ३० वॅटचा असल्यामुळे वीज मुळात कमी पडत असेल असे वाटत नाही.

तोच अ‍ॅक्सेस पॉइंट इंजेक्टरशेजारी ठेवून छोट्या पॅच केबलने जोडला असता तासन्‌तास न अडखळता चालतो. भिंतीतील केबलवर मात्र लिंकचा वेग १००० एमबीपीएसऐवजी १०० दाखवतो. १००० साठी तारांच्या चारही जोड्या लागतात, त्यामुळे एखाद्या जोडीचा संपर्क कुठेतरी सुटला असावा, असा माझा अंदाज आहे. शिवाय केबलचे टोक सोलून तार चाकूने खरवडल्यावर तांबूस थराखाली चंदेरी धातू दिसला, म्हणजे ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असणार. अशा तारेचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा जास्त असतो आणि भार वाढला की व्होल्टेजही अधिक घसरते.

केबल बदलायची तर भिंतीतील पाइपातून नवी ओढावी लागेल, म्हणून आधी विचारतो: दोन्ही टोकांचे आरजे४५ कनेक्टर नव्याने क्रिंप करून भागेल, की या केबलवर पीओई चालवणेच चुकीचे आहे? तसेच भार असताना अ‍ॅक्सेस पॉइंटच्या टोकाशी व्होल्टेज सुरक्षितपणे कसे मोजावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर सांगावे.