मदत हवी आहे: 'देवणी' ही जात, जाती की प्रजाती?

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्यातली. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही लिहायचं काम माझ्याकडं आलंय. पिकं, झाडं, जनावरं, पाखरं, सगळ्यांची नोंद करायची आहे. चार दिवसांपासून एकाच शब्दावर अडलेय.

आम्ही आखलेल्या तक्त्यात 'जाती' असा रकाना आहे. तिथं मी 'देवणी', 'लाल कंधारी' असं लिहिलं, कारण आमच्याकडं गाईची जात म्हणलं की हेच. आबांना विचारलं तर ते अजून खाली उतरले: वानेरा, बाळंक्या, शेवरा. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूंना काळं, तो वानेरा. आबांच्या लेखी ह्याही जातीच. मग भाचीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. त्यात उतरंड अशी: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती वर, जाती खाली. पण पेपरात तर 'तळ्यावर पक्ष्यांच्या दुर्मिळ प्रजाती' असं येतं. तिथं जातीच म्हणायचं असतं ना?

कापसाचं त्याहून अवघड. जुना गावरान आणि आताचा बीटी, दोन्हींसाठी 'कापूस' अशी एकच ओळ केलीय.

ही वही पुढं गावातली पोरं वाचणार. चुकीचं काही राहू नये असं फार वाटतं. कुठला शब्द कुठं वापरू?

प्रतिसाद:
ताई, गोंधळ होणारच. बोलीत 'जाती' हे 'जात'चं अनेकवचन. शास्त्रात 'जाती' हेच एकवचन, आणि त्याचा अर्थ बराच मोठा.

साधी कसोटी अशी, की ज्यांचं निसर्गात आपसात प्रजनन होतं आणि पिल्लंही पुढं वंश वाढवतात, त्यांची जाती एक. देवणी गाय लाल कंधारी वळूला दाखवली तर होणारी कालवड पुढं गाभण राहतेच. म्हणून दोन्हींची जाती एकच, बॉस इंडिकस. (विदेशी गाईशीही संकर टिकतो, त्यामुळं काही शास्त्रज्ञ तिलाही याच जातीत धरतात. तुमच्या वहीला तेवढं खोलात जायची गरज नाही.) माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवं बघितली असतील. दोघांची प्रजाती एकच, इक्वस, पण जाती वेगळ्या, म्हणून खेचर वांझ निघतं. म्हशीची तर प्रजातीच निराळी, बुबॅलस. गाईशेजारी एकाच दावणीला जन्म काढला तरी संकर होत नाही.

कापसात नेमकं उलटं आहे. गावरान म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, गुणसूत्रं २६. बीटी म्हणून लावतो तो बहुतेक सगळा गॉसिपियम हिर्सुटम, गुणसूत्रं ५२. प्रजाती एक, जाती दोन. त्या एका ओळीच्या दोन ओळी कराच. ज्वारीत 'परभणी मोती' हा वाण, आणि जाती सॉर्घम बायकलर.

पेपरवाले जातीलाच प्रजाती म्हणतात, आणि काही मराठी पुस्तकांत प्रजातीला 'वंश' म्हणलेलं सापडेल. त्यामुळं शेजारी शास्त्रीय नाव लिहाच. लिनियसनं १७५३ साली वनस्पतींना सरसकट दोन शब्दी नावं दिली, तीच पद्धत आजही चालते. पहिला शब्द प्रजातीचा, आणि दोन्ही मिळून जाती. मग मराठी शब्दावरून कुणी अडणार नाही.

धागाकर्ती:
दादा, लई उपकार झाले. आज कापसाच्या दोन ओळी केल्या. 'जाती'शेजारी 'जात किंवा वाण' असा नवा रकानाही आखला, देवणी आणि लाल कंधारी तिकडं गेल्या. वानेरा, बाळंक्या, शेवरा मात्र अजून कागदावर तसेच आहेत. ते कुठं बसवू?

प्रतिसाद:
ते देवणीतलेच रंगावरून पडलेले प्रकार. जात 'देवणी' लिहा आणि पुढं शेऱ्यात आबांनी सांगितलेली खूण त्यांच्याच शब्दांत उतरवा.